वेचणी सरेपर्यंत

दिवाळी उलटली की आमच्याकडच्या रस्त्यांच्या कडा पांढऱ्या होतात. कापसाने गच्च भरलेल्या गाड्या जिनिंगकडे जातात आणि कडेच्या बाभळी त्यातला थोडाथोडा ओरबाडून घेतात. मग महिनाभर ती रुई काट्यांवर लोंबत राहते. धुळ्याहून सावद्याकडे माहेरी जाताना एसटीच्या खिडकीतून मी ती बघत असते. लहानपणी मला वाटायचं, झाडांनाही थंडी वाजते. आता तसलं काही वाटत नाही. आता नुसतं आत कुठेतरी दुखतं, आणि एसटीत शेजारी बसलेल्या बाईला ते सांगता येत नाही.

या खेपेला वहिनीच्या वर्षश्राद्धाला निघाले होते. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, नानाची बायको, इंदुमती. गाव तिला अक्का म्हणायचं. मध्ये काही काळ सभापतीबाई म्हणायचं. मी शेवटपर्यंत वहिनीच म्हटलं.

घरी पोचले तर ओसरीवर टीव्ही चालू. मुंबईत मंत्रिमंडळात फेरबदल झाला होता आणि कोणाला कोणतं खातं, याची यादी पडद्यावर सरकत होती. श्राद्धाला आलेली मंडळी सुपारी कातरत बघत होती. महसूल आलं, अर्थ आलं, गृह आलं, प्रत्येकाला माना डोलावून झाल्या. शेवटी महिला व बालविकास आलं तेव्हा कोणीतरी म्हणालं, "चला, बाईले बी दिलं एक खातं. हलकं-फुलकं." दोघं-तिघं हसले. नाना कोपऱ्यात आरामखुर्चीत होता. त्याला आता कमी ऐकू येतं असं सगळे समजतात. तो उठला, काठी टेकत टीव्हीपाशी गेला, बटण दाबून टीव्ही बंद केला आणि परत जागेवर येऊन बसला. स्वयंपाकघरातून वड्यांचा वास येत होता.

मी अनेक मंत्रिमंडळं पाहिली. मास्तरीण होते, सामान्यज्ञानाच्या तासाला मुलांकडून मंत्र्यांची नावं पाठ करून घ्यायचे. हे खातं आधी समाजकल्याणाच्या पदराखाली होतं, मग वेगळं निघालं, पाटी बदलली, पण बाईला शोधत यायची त्याची सवय काही गेली नाही. बाई कितीही शिकलेली असो, हिशेबाला पक्की असो, तिच्यासमोर पहिल्यांदा हेच ताट सरकवायचं. शिवाय नावातच महिला आणि बाल यांची गाठ मारलेली. वहिनी यावरून एकदा म्हणाली होती, बांधकामाच्या सभापतीला कोणी 'बांधकाम व मुलं' म्हणतं का? मी खूप हसले होते. ती हसली नव्हती.

वहिनी शिरपूरकडची. तिची बोली अहिराणी, आमच्याकडची वेगळी. ती लग्न होऊन आली तेव्हा तिच्या प्रत्येक 'शे'ला, म्हणजे 'आहे'ला, घरात हशा पिकायचा. आमचे आबा मुद्दाम विचारायचे, "सूनबाई, चहा हाये की शे?" ती पदर सावरून म्हणायची, "चहा शे, पन साखर नही शे." पुढे ती आमच्यासारखं बोलायला शिकली, सभेत तर अगदी पुस्तकी बोलायची. पण राग आला किंवा फार जीव लागला की अहिराणी वर यायची. त्यामुळे तिचं कुठलं बोलणं मनापासूनचं, हे मला कळायचं.

आमचा गट, म्हणजे जिल्हा परिषदेचा मतदारसंघ, बाईसाठी राखीव झाला म्हणून ती झेडपीला उभी राहिली. खरं तर नानाच उभा राहिला होता, चिन्हाशेजारी फोटो तिचा होता. निवडून आली, आणि वर्षभरात महिला व बालकल्याणाची सभापतीही झाली. त्या खुर्चीवर बाईच बसायची असा नियम, म्हणून ती खुर्ची बाईपर्यंत आली. गावात लोक नानाला 'सभापती, रामराम' म्हणू लागले. तोही रामराम घेऊ लागला. वहिनी त्याला जेवायला हाक मारायची ती, "सभापती, पान वाढलं." नानाला ते आवडायचं. त्यातली टोचणी त्याला फार उशिरा कळली.

एकदा तिने मला तिचं ऑफिस दाखवायला नेलं. खुर्चीच्या मागे भिंतीवर सागाचा फलक होता, आजवरच्या सभापतींच्या नावांचा. प्रत्येक नावाच्या आधी सौ., प्रत्येकीच्या मध्ये नवऱ्याचं नाव. वरच्या बायकांच्या मुदती लांब होत्या, खाली येता येता आखूड झाल्या होत्या. वहिनी म्हणाली, "मीराताई, यातल्या एकीचं तरी काम तुम्हाला आठवतं?" मला आठवेना. एकीने शिलाई मशीन वाटली असतील, दुसरीने पिठाच्या गिरण्या, तिसरीने पुन्हा शिलाई मशीन. "बठ्ठ्या बाया काय शिवतच बसतीन का?" ती म्हणाली. अहिराणी आली म्हणजे हिच्या डोक्यात काहीतरी शिजतंय, हे मी ओळखलं.

त्या वर्षी माझी बदली माहेरच्याच गावाला झाली होती आणि मी नानाकडेच राहत होते. म्हणून तो हंगाम मी सगळा जवळून पाहिला. आमच्याकडे नदीच्या बाजूला केळी आणि डोंगराच्या बाजूला कपाशी. दसऱ्यानंतर सातपुड्यावरून पावरा आदिवासी मंडळींच्या टोळ्या वेचणीला उतरतात. नवरा, बायको, म्हातारी आणि पोरं. सकाळी दव असताना बायका ओळीत शिरतात, बोंडांची नखं बोटांना टोचत राहतात, कमरेची झोळी फुगत जाते. आणि बांधावर पोरं. कडेवर भाऊ किंवा बहीण घेतलेल्या आठ-नऊ वर्षांच्या मुली. रडलं तर थोपटायचं, भूक लागली तर आईला हाक मारायची, नाहीतर नुसतं बसायचं. शाळा डोळ्यांसमोर दिसत असते, घंटा ऐकू येत असते.

वहिनीने मला कधी फार काही सांगितलं नव्हतं. त्या वर्षी मेथी निवडता निवडता एवढंच म्हणाली, "वेचणी उनी का मनी शाळा बंद व्हये." वेचणी आली की तिची शाळा बंद व्हायची. तिच्या पाठची चार भावंडं तिनेच बांधावर वाढवली होती. सातवीनंतर तिने शाळेत जाणंच सोडून दिलं, कारण दर वर्षी दिवाळीनंतरचा धडा तिला कधीच आला नाही. हे तिने अगदी सरळ सांगितलं, रडली वगैरे नाही. मेथीच्या काड्या बाजूला करत होती.

मग तिने खोल्या उघडल्या. डोंगराच्या कडेच्या पाच-सात गावांत, वेचणीच्या दिवसांपुरत्या. जुनी बालवाडी, रिकामं समाजमंदिर, जे मिळेल ते. जुन्या लुगड्यांच्या झोळ्या, दोन मदतनीस बाया, दुपारची खिचडी. लहान पोर तिथे ठेवायचं आणि मोठ्या मुलीने शाळेत जायचं, एवढीच योजना. अधिकारी म्हणाले, अशी योजना कागदावर नाही. वहिनी म्हणाली, मग कागद आणा. तिचं ते बोलणं ऐकून नानाचा घास हातातच राहिला होता.

माझ्या तिसरीच्या वर्गात त्या दिवाळीनंतर रेशमी आली. पावरा मुलगी, वय असेल नऊ, केसांना तेल नाही, अंगावर कोणाचा तरी निळा स्कर्ट. पहिले काही दिवस ती बाकावर तिरकी बसायची. मला वाटलं, पळून जायचा बेत असेल. मग लक्षात आलं, कडेवर भाऊ घेऊन घेऊन तिला सरळ बसायची सवयच राहिली नव्हती. महिन्याभरात ती सरळ बसू लागली. हजेरीला "हजर बाई" इतक्या जोरात म्हणायची की वर्ग दचकायचा. वहिनी दौऱ्यावरून परत येताना जीप शाळेपाशी थांबवायची, खिडकीतून बघायची आणि काही न बोलता निघून जायची. तिच्या चेहऱ्यावर असं समाधान मी तिची मुलं झाली तेव्हाही पाहिलं नव्हतं.

थंडी वाढली आणि भरताचे दिवस आले. आमच्या भागात भरीत घरात होत नाही, शेतात होतं, आणि ते पुरुष करतात. कपाशीच्या वाळलेल्या काड्या, म्हणजे पऱ्हाट्या, पेटवून त्यावर मोठाली हिरवी वांगी टाकायची, साली काळ्या पडल्या की सोलायच्या, लाकडी बडगीत मिरची-लसणाबरोबर ठेचायची, वर कांद्याची पात, आणि केळीच्या पानावर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. बायकांनी भाकऱ्या थापून डबे पाठवायचे, एवढाच त्यांचा वाटा. आणि राजकारण आमच्याकडे भरताशिवाय होत नाही. तिकीट कोणाला, पॅनल कोणाचं, सोसायटीत कोण, हे सगळं त्या जाळासमोर ठरतं. बोटं तेलकट असली की माणसं लवकर शब्द देतात, असं आबा म्हणायचे.

वहिनीच्या खुर्चीचंही तिथेच ठरलं होतं. ती बसली त्याच्या आधीच्या हिवाळ्यात. दोन गटांत मतं सारखी पडत होती, तेव्हा तोडगा निघाला की आधी नानाच्या घरची बाई, मग मुदतीच्या मध्यावर ती उठेल आणि समोरच्या गटाची बसेल. नानाने भाकरीचा तुकडा हातात धरून शब्द दिला. त्या जेवणाच्या भाकऱ्या वहिनीने थापल्या होत्या. ठरलेलं मात्र तिला कोणी सांगितलं नव्हतं. सांगायचं असतं, हेच कोणाला सुचलं नाही.

तो मध्य आला पौषात, वेचणी ऐन भरात असताना. नाना संध्याकाळी शेतातून आला, कपड्यांना जळक्या पऱ्हाट्यांचा वास होता. त्याने पाय धुतले आणि सांगितलं, "पुढच्या सोमवारी राजीनामा द्यायचा हाये. मी शब्द दियेल हाये."

वहिनी दिवाबत्ती करत होती. काडी विझेपर्यंत ती थांबली. मग म्हणाली, "तुम्ही दिधा तो तुम्हना शब्द. मना कोठे शे?"

नाना चिडला. माझ्या इज्जतीचं काय, लोक काय म्हणतील, पुढच्या वेळी मला कोण विचारेल, असं सगळं बोलला. वहिनीने एकच धरून ठेवलं. "वेचणी सरस तवलोंग तरी." खुर्ची सोडणार नाही असं ती म्हणतच नव्हती. वेचणी सरेपर्यंत राहू द्या, माघ सरला की मी आपणहून उठते, एवढंच तिचं मागणं होतं. नाना म्हणाला, "शब्दाले असं मांघं-पुढं करता येत नाई."

मग तिने एक असं काम केलं, जे आमच्या गावात आधी कोणी केलं नव्हतं. तिने स्वतः भरीत घातलं. स्वतः पऱ्हाट्या रचल्या, वांगी भाजली, मळ्यातल्या आंब्याखाली पानं मांडली, आणि जिला ही खुर्ची मिळणार होती त्या कल्पनाला जेवायला बोलावलं. सोबत मी होते. कल्पना तिशीची असेल, समोरच्या गटातल्या मोठ्या घरची धाकटी सून. नवी साडी नेसून आली होती आणि भरीत ठेचायला लगेच पदर खोचून बसली. दोघींनी मिळून ठेचलं. कल्पनाला ठसका लागला तेव्हा वहिनीने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

जेवणं होत आली तेव्हा वहिनीने विषय काढला. मी त्या पुरुषांना विचारत नाही, तुला विचारते, म्हणाली. वेचणी सरेपर्यंत थांबशील का.

कल्पना पानावरची भाकरी मोडत राहिली. मग हळूच म्हणाली, "मले काय इचारता अक्का? मी बसनार हाये, हे मले बी परवाच समजलं."

वहिनीला राग येईल असं मला वाटलं होतं. आला नाही. तिने उरलेलं भरीत कल्पनाच्या पानात वाढलं आणि खोल्यांविषयी सांगू लागली. कुठल्या गावची मदतनीस चांगली, कुठे पाणी लांबून आणावं लागतं, कोणाचं पोर दुधाशिवाय झोपत नाही. कल्पना मान हलवत होती. "चालू ठेवीन अक्का," ती म्हणाली. तिला तसं खरोखर वाटत होतं, यात मला आजही शंका नाही.

सोमवारी वहिनी उठली. खुर्चीवर कल्पना बसली, हार झाले, फोटो झाले. फोटोत दोघींच्या भोवती सगळे पुरुष आहेत आणि सगळे खुश आहेत. पंधरा-वीस दिवसांतच खोल्यांना कुलपं लागली. तो पैसा शिलाई मशीनला लागणार होता, निवडणुका जवळ आल्या होत्या, आणि कल्पनाच्या सासऱ्यांना मशीन वाटताना फोटो काढून घ्यायचे होते. पुढे एकदा बाजारात कल्पना मला दिसली. दिसल्यावर वळून दुसऱ्या गल्लीत शिरली. मला तिचा राग आला नाही. मला तिच्यासाठी वाईट वाटलं, आणि अजून वाटतं.

माझ्या वर्गात हजेरीला रेशमीचं नाव आलं आणि उत्तर आलं नाही. मी घरी येऊन सांगितलं. वहिनीने ऐकलं, भाकरीचं पीठ झाकून ठेवलं आणि पायात चपला घालून निघाली. मी मागोमाग. डोंगराकडच्या वाटेवर, पांढऱ्याशुभ्र शेताच्या बांधावर रेशमी बसली होती. तोच निळा स्कर्ट, कडेवर भाऊ, पुन्हा तशीच तिरकी. आम्हाला बघून ती उठून उभी राहिली, वर्गात उभी राहायची तशी.

वहिनीने हात पुढे केले. "याले मी धरस. तू शाळामा जाय."

रेशमी आईकडे बघू लागली. आई ओळीत वाकलेली होती, तिने मान वर केली, वहिनीला ओळखलं आणि हातानेच जा म्हणाली. मुलगी धावत सुटली. वहिनी बांधावर बसली, मांडीवर ते शेंबडं पोर.

दुसऱ्या दिवशीही गेली. तिसऱ्या दिवशी आणखी दोन पोरं तिच्याजवळ आली. मग रोजच. घरातलं उरकून सकाळी जायची, उन्हं कलली की यायची, लुगड्याला धूळ आणि पोरांची लाळ. गावाला हसायला विषय मिळाला. माजी सभापती बांधावर पोरं राखतात म्हणून चावडीवर चेष्टा झाली. नानाला ते फार लागलं. एक दिवस तो मोटारसायकल घेऊन बांधावर गेला. मी शाळेच्या ओट्यावरून पाहत होते. तो काहीतरी बोलला, घरी चाल म्हणाला असणार. वहिनीने मान हलवली. पोर झोपलं होतं म्हणून तिने तोंडावर बोट ठेवलं. नाना थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. त्या दुपारी आमचा सालदार ताडपत्री आणि चार बल्ल्या घेऊन आला आणि बांधावर सावली उभी करून गेला. कोणी पाठवलं, हे त्याने सांगितलं नाही. वहिनीनेही विचारलं नाही. त्या रात्री तिने नानाला 'सभापती' म्हणून हाक मारली नाही, नुसतं "पान वाढलं" म्हणाली. पुढेही पुन्हा कधी तसं म्हणाली नाही.

वेचणी सरली. पऱ्हाट्या उपटल्या गेल्या, टोळ्या ट्रॅक्टरमध्ये बसून डोंगराकडे निघाल्या. रेशमीच्या आईने भाऊ वहिनीच्या हातून घेतला. वहिनीने त्याची मान सांभाळत, दोन्ही हातांनी तो दिला. रेशमी ट्रॅक्टरमधून ओरडली, "हजर बाई." कशाला हजर, कुणास ठाऊक. तिला मराठीतलं तेच जास्त येत होतं.

पुढच्या वर्षी ती टोळी आली नाही. गुजरातेत जास्त मजुरी मिळते असं कोणी म्हणालं. वहिनीचे गुडघे धरले, घरात सून आली, नातवंडं आली. बांधावर जाते म्हणाली की सगळे म्हणायचे, आधी आपली पोरं सांभाळा. तिने सांभाळली. आणि खुर्ची पुढे फिरत राहिली, एकीकडून दुसरीकडे, आखूड आखूड मुदतींनी. मग काही वर्षं निवडणुकाच झाल्या नाहीत, ऑफिसला कुलूप होतं म्हणे. त्या फलकावर वहिनीचं नाव आहे. त्यासमोर काय केलं, ते लिहिलेलं नाही. तशी जागाच ठेवलेली नाही.

टीव्हीवरच्या त्या हलक्या-फुलक्या खात्यावरून हसणारी मंडळी वाईट नाहीत. श्राद्धाला वेळेवर आली, पंगतीत वाढायला उठली. त्यांनी ती खुर्ची जवळून पाहिलेली नाही, इतकंच. ती किती जड असते हे तिच्यावरून उठवलेल्या बाईला विचारावं, पण विचारायला आता ती नाही, आणि मला हे सगळ्यांसमोर बोलता येत नाही. नानाने टीव्ही बंद केला तेव्हा आमची एकदा नजरानजर झाली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. एवढी वर्षं लागली.

गेल्या वर्षी याच दिवसांत वहिनीला उपचारासाठी धुळ्याला माझ्याकडे आणलं होतं. शेवटी शेवटी ती आमची भाषा विसरली, नुसती अहिराणी उरली. थंडी वाजते म्हणून उशाशी गोधडी गुंडाळून ठेवलेली असायची, ती तिने कुशीत ओढून घेतली होती आणि एका हाताने थोपटत असायची. रोज दुपारी विचारायची, "वेचणी सरी गई का वं?" मी म्हणायचे, नाही अजून. मग ती पुन्हा थोपटायला लागायची. डॉक्टर म्हणाले, तिला झोप मिळाली पाहिजे. ती झोपत नव्हती.

एका दुपारी तिचा हात फारच थकला होता. तरी थांबत नव्हता. तिने विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "सरली, वहिनी. सगळी सरली." धुळ्याच्या आजूबाजूला अजून निम्मी शेतं पांढरी होती.

तिने सुस्कारा टाकला. "मंग हाऊ पोऱ्या आते तेनी मायले दी टाक," ती म्हणाली.

मी तिच्या कुशीतून ती गोधडी दोन्ही हातांनी उचलून घेतली, मान सांभाळून.